गुवाहाटी किती हिरवी

माझ्या नवऱ्याची बदली गुवाहाटीला झाली तेव्हा बाबांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. त्यांची निंबोल्याला केळीची बाग. अंतर मोजायचं त्यांचं माप एकच: घड किती हिरवा कापायचा. इंदूरला पूर्ण भरलेला चालतो, दिल्लीला जरा कच्चा, त्यापुढे आणखी कच्चा. गुवाहाटीला त्यांचा ट्रक कधी गेलाच नव्हता, म्हणजे ते गाव त्यांच्या लेखी जगाबाहेर होतं.

मी मोबाईल काढून दाखवला. इंदूरहून विमानाने सोळाशे किलोमीटरच्या आसपास, दिल्लीत विमान बदलायचं, सकाळी निघालं की संध्याकाळी घरी.

"सोळाशे कसे?"

"सरळ रेषेत, बाबा."

"सीधं कोण जाऊ देतं माय? मधी कोनाचं वावर नाही का?"

"आकाशात कसलं शेत?"

"तू राहू दे. एवढ्या दूर मी काही येत नाही."

मला भयंकर राग आला. लेक दुसऱ्या देशात गेल्यासारखं तोंड करून बसायचं, आणि भेटायला यायचं मात्र नाही!

दिवाळीला आम्ही माहेरी आलो, आणि परत निघताना बाबांनी स्वतः घड कापला. इतका कोवळा की गडीसुद्धा त्यांच्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बाबा, आज संध्याकाळी पोचणार आम्ही." ते म्हणाले, "मला नको शिकवू. रस्त्यात पिकतात." मग फण्या सुट्या करून बॅगेत भरल्या आणि नवऱ्याचे स्वेटर बाहेर काढले. विमानतळावर वजन करताना त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही.

संध्याकाळी बॅग उघडली तर केळी लाकडासारखी. चार दिवसांनीही तशीच. आम्ही भाजी खाल्ली, काप खाल्ले, कोफ्ते खाल्ले. खाली कोपऱ्यावर पिवळीधमक केळी विकायला होती, पण मी नवऱ्याला तिकडे फिरकू दिलं नाही. माहेरचा मान म्हणजे मान.

बाबांचा रोज सकाळी फोन. "झाली पिवळी?"

"नाही."

"खोटं बोलते. सडली असतील, मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाही."

शेवटी मी व्हिडिओ कॉल लावला आणि एक फणी कॅमेऱ्यासमोर धरली. बाबांनी चष्मा चढवला.

"ठोक बरं."

मी टेबलावर केळं ठोकलं. टक् टक् आवाज आला.

बाबांनी फोन कानाशी नेऊन तो ऐकला. मग मागे वळून आईला ओरडले, "अवं, ऐकलं का? केळं अजून कच्चंच! पोरगी दिल्लीच्याबी अलीकडं ऱ्हाते!"

मला एकदम रडू फुटलं. एवढी समजूत घालून, नकाशे दाखवून जे जमलं नाही, ते त्या दगडी केळ्यांनी करून दाखवलं होतं.

"रडते कायले?" बाबा म्हणाले. "माझं तिकीट काढ. अन् उरलेल्या केळ्यांना हात लावू नको, तुम्हांला पिकवता येत नाही. मी येऊन बघतो."

उरलेली फणी मी नवऱ्यापासून लपवून कपाटावर ठेवली.

बाबा आले तेव्हा ती अजून हिरवी होती.