बायोडेटातली इटालियन

माझं लग्न ठरण्याआधी सहा माणसांचे खून झाले. सगळे इटलीत झाले आणि सगळ्यांचा मी साक्षीदार होतो, ऐरोलीच्या एका वन रूम किचनमध्ये, दिवसाढवळ्या, हातात चिवड्याची बशी घेऊन.

दोष आईचा. (असं मी त्या दुपारपर्यंत तरी समजत होतो.) नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. तिथे इटलीहून एक मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचा एक इंजिनियर पंधरा दिवस येऊन राहिला. मला त्याच्या दिमतीला दिलं होतं. तो हातवारे करायचा, मी मान डोलवायचो, आणि नवल म्हणजे मशीन चालू झालं! तेवढ्या दिवसांत मी त्याच्या भाषेतले चार शब्द शिकलो: तेल, पाना, थांब आणि जेवण. घरी मात्र रोज संध्याकाळी आमच्या काय काय गप्पा झाल्या ते मी रंगवून सांगायचो. म्हणून आईने माझ्या बायोडेटात 'भाषा' या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजीच्या पुढे ठसठशीत अक्षरांत 'इटालियन' लिहिलं. मी ते पाहिलं आणि खोडलं नाही. बाकीची मुलं उंची एक इंच वाढवायची, मी एक भाषा वाढवली.

तो बायोडेटा वर्षाच्या घरी गेला. मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला. वर्षा बँकेत नोकरीला होती. बोलायची कमी, पण बोलताना सरळ समोर बघायची. मला ती इतकी आवडली, की परत येताना मी बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेलो. आमचा होकार आम्ही लगेच कळवला. त्यांचा येत नव्हता. आठ दिवस मी फोनच्या आसपास घुटमळत काढले. मग तिच्या वडिलांचा, नानांचा निरोप आला: रविवारी जेवायलाच या, आईंनाही घेऊन या. आई म्हणाली, झालं, ठरलंच म्हणून समज.

जेवण झालं, श्रीखंड झालं, पण लग्नाचा विषय कुणी काढेना. उलट नानांनी उठून खिडक्यांचे पडदे ओढले. टीव्हीखाली भाड्याने आणलेला व्हीसीआर होता. नाना टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले आणि रहस्यकथांचे वेडे. पुस्तक असो की सिनेमा, खुनी शेवटाच्या आधी आपल्याला सापडतोच, हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान. वरच्या मजल्यावरच्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या शेजाऱ्यांनी त्यांना एका जुन्या, गाजलेल्या इटालियन खूनपटाची कॅसेट आणून दिली होती.

"तीन महिने नुसती पडून आहे," नाना म्हणाले. "खाली इंग्रजी अक्षरंसुद्धा येत नाहीत. तुमचा बायोडेटा वाचला आणि म्हटलं, देवच पावला. आता तुम्ही सांगत जा, सुधीरराव."

आईने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. मी समोरची चिवड्याची बशी हातात घेतली.

सिनेमा सुरू झाला. काळे कातडी हातमोजे घातलेले दोन हात, हातात वस्तरा, मागे कुठल्यातरी बाळाचं अंगाईगीत. पहिली बाई नुसतीच किंचाळून मेली. ते मी बिनचूक सांगितलं. पण नंतर एक पोलीस अधिकारी आला आणि सलग दोन मिनिटं बोलत राहिला.

मी म्हणालो, "तो म्हणतोय, तपास चालू आहे."

"एवढंच?" नानांनी विचारलं. इटालियन लोक फार पाल्हाळ लावतात, असं मी सांगितलं. पुढे एक माणूस एकच शब्द बोलला, तेव्हा मागची भरपाई म्हणून मी त्याला अख्खं आत्मचरित्र सांगायला लावलं.

नाना मांडीवर डायरी घेऊन मुद्दे लिहीत होते, त्यामुळे मला बोललेलं मागे घेता येईना. नाती लावणं भाग होतं. मी त्या घरात दोन जावा, एक विधुर दीर आणि कोकणातल्यासारखा जमिनीचा वाद घातला. (वर्षाची आई इतकी रंगली, की चहाचं आधण उतू गेलं.) टोपीवाला डॉक्टर मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत होता. म्हणून मी त्याच्या तोंडी बिनधास्त घातलं, "आता चौथ्याची पाळी." नानांनी डॉक्टरच्या नावाखाली दोन रेघा मारल्या. वीस मिनिटांत डॉक्टरचाच गळा कापला गेला.

नानांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरला जुळा भाऊ आहे, असं मी सांगून टाकलं. मी मनात एकच धावा करत होतो, की कुणीतरी तेल किंवा पाना मागू दे. अख्ख्या सिनेमात कुणाला तेल लागलं नाही.

त्यातल्या त्यात मला एका म्हातारीचा आधार होता. पांढऱ्या केसांची, गोड, मधूनमधून दारात येऊन काहीतरी म्हणायची. कधी मी तिला "बाळा, जेवलास का?" म्हणायला लावलं, कधी "स्वेटर घालून जा". आईला आणि वर्षाच्या आईला ती घरातली वाटायला लागली होती. शेवटी हातमोजे उतरले, कॅमेरा वर गेला आणि वस्तरा घेऊन तीच म्हातारी हसत उभी!

वर्षाची आई म्हणाली, अगं बाई, ही तर सगळ्यांना जेवायला घालत होती. मी आणखी एक जुळी बहीण काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्या दुपारी पहिल्यांदाच वर्षा बोलली.

"ही बाई चार वेळा दारात आली आणि चारही वेळा अगदी तेच वाक्य बोलली. तुम्ही चार वेळा वेगळं सांगितलंत."

मी टीव्हीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि वर्षाकडे बघायची हिंमत होईना. आता नकार आलाच होता, मग लपवायचं कशाला?

"मला इटालियन येत नाही," मी म्हणालो. "चार शब्द येतात. आईने लिहिलं आणि मी खोडलं नाही."

आईने पदर तोंडाला लावला. नाना डायरी घेऊन उठले. मला वाटलं, दार दाखवणार. पण त्यांनी पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. पहिल्या दहा मिनिटांतच लिहिलेलं होतं, 'म्हातारी', आणि वर काट मारलेली. बाजूला बारीक अक्षरात, 'नाही. फार मायाळू आहे.'

"मी ओळखली होती," नाना म्हणाले. "तुमच्यामुळे खोडली." मग ते कॅसेट रिवाइंड करायला बसले आणि मला म्हणाले, या खेपेला तुम्ही चिवडा खा, बोलू नका.

मी बशी ठेवून उठलो आणि आईला चल म्हणालो. वर्षा दाराशी आली. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"बाबा, माझा होकार कळवा यांना," ती म्हणाली. "या माणसाला जन्मात मला फसवता येणार नाही."

तेव्हा चांगला पगार, सरळ नाक आणि निर्व्यसनीपणा असं आईने बायोडेटात जे जे मेहनतीने लिहिलं होतं, त्यातलं काहीही कामाला आलं नाही. माझं लग्न झालं ते निव्वळ खोटं बोलण्यातल्या नालायकीवर!