फोन माझ्याकडे आला होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तर मध्येच "जाऊ द्या हो" म्हणू नका. त्या शब्दांची मला आता चीड येते.

रेखा माझी धाकटी बहीण. नवऱ्याने तिच्यावर विळा चालवला, तेव्हापासून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. त्याला शिक्षा झाली आणि ती नरडाण्याहून जळगावला, मेहरूणला माझ्याकडे राहायला आली. तो बाहेर आला तर आम्हाला कळवा, असं इथल्या पोलीस ठाण्यात सांगून आलो. नंबर कुणाचा द्यायचा? ती स्वतःचा सांगत होती. मीच तिला गप्प केलं — बाईमाणसाचा नंबर पोलिसांकडे कशाला? भाऊ आहे ना. मोठा आला भाऊ!

फोन आला. ठाण्यातल्या हवालदार बाई होत्या. नीट, सावकाश सांगितलं त्यांनी — आई आजारी म्हणून तो पॅरोलवर सुटलाय, ताईंना जपून राहायला सांगा. मी "हो हो, सांगतो" म्हटलं, आणि — आणि काय? मांडववाल्याशी बोलायला लागलो. माझ्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता. रेखाला कळलं असतं तर ती दार लावून बसली असती, पाहुण्यांनी विचारलं असतं, सगळं पुन्हा उकरून निघालं असतं. व्याह्यांपुढे माझी मान ताठ राहायला हवी होती. तिच्या मानेवर विळा आला असता तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

साखरपुडा झकास झाला. रेखा नवी साडी नेसून पंगतीत वाढत होती. दुसऱ्या दिवशी ती मेहरूणच्या तलावावरून फिरून येत होती, तर तो मागे मागे आमच्या फाटकापर्यंत आला. एवढंच बोलला, "मंग, आठेच ऱ्हास का तू?"

ती इथेच राहते, हे त्याला कळलं होतं. हात लावला नाही. गरजच काय होती त्याला?

घरात येऊन तिने मला विचारलं, "भाऊ, तुले फोन उना व्हता का?"

"नही," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण ती म्हणाली, ठाण्यात जाऊन जाब विचारू. गेलो. त्या हवालदार बाई म्हणाल्या, फोन केला होता, यांनीच उचलला. मी टेबलावर हात आपटला. खोटं बोलता? माझ्या बहिणीच्या जिवाशी खेळता? अख्खं ठाणं ऐकत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना — त्या मी मारल्या, आणि मारताना मला खरंच राग आला होता. काय म्हणायचं अशा माणसाला? साहेबांनी त्या बाईंनाच माफी मागायला लावली. त्यांनी रेखाची मागितली. माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तो परत आत गेलाय. रेखा फिरायला जात नाही. कुणी पाहुणं आलं की कौतुकाने सांगते, "मना भाऊ मनासाठे पोलिससंगे भांडना." मी खाली मान घालून चहा पितो.

परवा तिला म्हटलं, ठाण्यात आता तुझा नंबर देऊन ये. का, ते सांगितलं नाही.

"कशाले?" ती म्हणाली. "तू शे ना, भाऊ."