धरमकाट्यावर न मावलेली गाडी

इकडे सरक वं पोरी, जवळ येऊन बस. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही, म्हणून तर तुझ्या घरी आले. आणि आधी मला थोडं रागावून घेऊ दे. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, तुमचा तो ट्रक अजून आहे का?" ट्रक! लहानपणी माझ्या घरी सुट्ट्या काढल्यास, मावसाजींच्या मांडीवर बसून भोंगा वाजवून वाजवून अख्ख्या गावाचं डोकं उठवलंस, आणि अजून त्याला ट्रक म्हणतेस? एवढं शिकवलं तुला, पण घरच्या गाडीला काय म्हणतात ते शिकवायचं राहूनच गेलं बघ.

ट्रक म्हणजे एकसंध गाडी. आमचं आहे ते ट्रेलर. पुढं इंजिनाचं तोंड असतं, त्याला घोडा म्हणतात. मागं लांबलचक पाट असतो, बिनतोंडाचा. घोड्याच्या पाठीवर एक गोल लोखंडी चकती असते, तिच्यात पाटाचा जाड खिळा अडकतो, आणि मग सगळं मिळून चालतं. हे नीट ध्यानात ठेव, पुढं त्याचं काम आहे.

हे ट्रेलर माझ्या सासऱ्यांनी घेतलं होतं, तेही जुनंच. कचारगडच्या बाजूच्या जंगलातली लाकडं भरायची आणि गोंदियाच्या लाकूड चिरायच्या आरामशीनवर टाकायची, हे त्याचं काम. पुढं लाकडाचं काम कमी होत होत संपलं, सासरेही गेले, आणि गाडी घरामागं मोहाच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले. वेल चढले. घोड्याच्या केबिनीत कोंबड्या अंडी घालायला जायच्या, आणि सकाळी टोपली घेऊन मी त्या पायरीवर चढायची. पायरी उंच, माझे गुडघे तिथंच कामातून गेले.

तुझे मावसाजी मग दुसऱ्याच्या गाडीवर गेले. मालक रायपूरचा. कलकत्त्याची लाइन. महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस घरी यायचे, त्यातला एक दिवस झोपण्यात जायचा. माझ्या मोठ्या लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला तेव्हा हे ओडिशात कुठं तरी घाटात अडकलेले. बापाच्या जागी दीर बसले. पोरगी पाटावर बसूनसुद्धा दाराकडे बघत होती, ते मला दिसत होतं ना.

दोन हजार तीन-चार साल असेल. पोळ्याला हे घरी आले ते कंबर धरूनच. मालकानं सुट्टी दिली होती, पण कशी? "दिवाली करके आ जाना. उसके बाद फोन नहीं आया, तो दूसरा ड्रायव्हर बिठा दूँगा." म्हणजे दिवाळी झाली की परत कलकत्ता. मी दुपारी भांडी घासत होते, तशीच उठून आले आणि म्हटलं,

"घरामांगची गाडी काऊन नाही काढत तुम्ही?"

हे हसले. "अवं, तिच्यात कोंबड्या अंडे देऊन राहिल्या."

"मंग कोंबड्यायले दुसरं घर देऊ."

"इंजिन जाम आहे."

"तुम्ही पाह्यलं?"

पाहिलं कुठं होतं? दहा-बारा वर्षांत त्यांनी बोनेटसुद्धा उघडलं नव्हतं. बापाची गाडी मेलेली बघायची हिंमत नव्हती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी मुर्रीच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन आले. सासऱ्यांच्या काळापासून हाच माणूस या गाडीचा डॉक्टर. हिंदी बोलायचा, विडी तोंडातून काढायचा नाही. बोनेट उघडलं, वाकला, इथं हात लाव तिथं हात लाव केलं, आणि म्हणाला, "जाम है. मरा नहीं है." मग नळ्यांमध्ये डिझेल आणि तेल मिसळून ओतलं आणि आठ दिवस कोणी हात लावायचा नाही म्हणून सांगून गेला. लोणच्यासारखं मुरू दिलं म्हण ना!

आठ दिवसांनी दोघं लांब पाइप लावून त्या इंजिनाला वळवायला बसले. मी चुलीपाशी. एकदम मिस्त्रीची आरोळी आली, "हिला! हिला!" मला वाटलं भूकंप, मी पळत अंगणात. बघते तर हे दोघं एकमेकांच्या गळ्यात. म्हटलं, "किती हाललं?" तर बोटभर. बोटभर फिरलं होतं इंजिन. पण मिस्त्री म्हणाला, जे बोटभर फिरतं ते पुरं फिरतं.

मग खरं काम सुरू झालं. अंगणात सतरंजी, तिच्यावर इंजिनाचे सुटे भाग, आणि मी राखणीला. दोन लोखंडी भागांच्या मध्ये तेल-पाणी गळू नये म्हणून जो कागद बसवतात, त्याला पॅकिंग म्हणतात. एवढ्या जुन्या गाडीचं पॅकिंग कुठून मिळणार? वरचं मोठं तांब्याचं तेवढं नागपूरच्या जुन्या बाजारात सापडलं. बाकीची सगळी हातानं कापायची. मिस्त्रीनं जाड कागद आणला, लोखंडावर ठेवला आणि हातोडीनं ठोकू लागला. एक फाटलं. दुसरं फाटलं. त्याचे हात थरथरायचे आता, वय झालं होतं. तो तिसरा कागद घेणार, तेवढ्यात मी म्हटलं, "इकडे द्या."

तुला माहीत आहे, लग्नाआधीपासून मी विड्या वळल्या. तेंदूचं पान ओलं करायचं, त्याच्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि शिरा सोडून कात्री फिरवायची. पान सुतानं कमी पडलं तर विडी सुटते, आणि सुटली की तपासणारा ती बाजूला टाकतो. वीस वर्षं अशी कात्री चालवली मी. लोखंडावर तेलाचा हात फिरवला, कागद दाबला, तेलाचा ठसा उमटला, आणि ठशावरून कात्री फिरवली. माझीच विडीची कात्री. बोल्टांची भोकं मिस्त्रीनं दाखवली तशी पाडली. ठेवलं जागेवर. केसाएवढाही फरक नाही!

मिस्त्रीनं विडी तोंडातून काढली. पहिल्यांदा. "भाभी, ये हाथ अब तक गैरेज में क्यों नहीं आए?"

"आपने कभी बुलाया?"

हे मान खाली घालून हसत होते. त्या दिवसापासून घोड्याची सगळी कागदी पॅकिंगं मी कापली, आणि सांगते तुला, आजतागायत एकसुद्धा गळालेलं नाही. बघायचं असेल तर घरी आलीस की खाली वाकून बघ.

पाटाच्या फळ्या सडल्या होत्या, त्या बदलल्या. बाजूला उंच पटरे लावले, कारण आता लाकडं नाही, धानाची पोती भरायची होती. टायर नवे, ब्रेकच्या नळ्या नव्या, दिवे नवे, वायरी नव्या. त्या गोल चकतीला ग्रीस मी लावलं, कोपरापर्यंत काळी झाले होते. दसऱ्याच्या आधी एका सकाळी बटण दाबलं. घोडा खोकला, काळा धूर सोडला, बंद पडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा असा धडधडला, की मोहावरचे सगळे पोपट उडाले, आणि तुझे मावसाजी केबिनीत बसून बापाचं नाव घेऊन रडले. पासिंगच्या हापिसातही गाडी पहिल्या खेपेला पास झाली. साहेबानं दोन चकरा मारल्या, म्हणाला, "आजोबाला नवे कपडे घालून आणलं तुम्ही."

धानाचं काम आधीच बोलून ठेवलं होतं. गोंदियाच्या रस्त्यावर एका सेठची राइस मिल आहे. आमच्या बाजूच्या गावांतलं धान रोज एक खेप आणून टाकायचं, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. हेच तर पाहिजे होतं आम्हाला! दिवाळी झाली, कापणीचा पहिला माल निघाला, पहिली खेप भरली. मीपण केबिनीत चढून बसले. म्हटलं, मी पॅकिंगं कापलीत, मी नाही येणार तर कोण येणार? दुसऱ्या दिवशी मालकाला फोन करायचा होता, शेवटचा दिवस. हे गाणं म्हणत चालवत होते.

मिलच्या फाटकातून आत गेलो, आणि गाडी धरमकाट्यावर चढवली. म्हणजे जमिनीत बसवलेला तो मोठा वजनकाटा, ज्याच्यावर अख्खी गाडी उभी करतात. घोडा काट्यावर चढला, पुढं सरकला, आणि घोड्याची चाकं पलीकडे उतरली तरी पाटाची मागची चाकं अजून अलीकडे जमिनीवरच.

गाडी काट्यावर मावत नव्हती.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आम्ही एकेक खिळा मोजला, आणि ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. का आली नाही, ते सांगू? लाकडं कधी वजन करून जातच नाहीत. ती टेपानं मोजतात, किती लांब, किती जाड. एवढ्या आयुष्यात आमची गाडी कधी काट्यावर चढलीच नव्हती. ना सासऱ्यांनी चढवली, ना मिस्त्रीनं पाहिली.

सेठ बाहेर आला. "ये क्या लाए हो, रेलगाड़ी? मेरे काटे पर ट्रक आता है, भाई. बिना तौले माल कैसे लूँ?"

यांनी खिशातून रुमाल काढला, आणि तोंड न पुसताच परत ठेवला. मला हळूच म्हणाले, "चाल, आज कसंबी उतरवून देऊ. सकाळी मालकाले फोन करतो, येतो म्हणून."

मी खाली उतरले. "सेठजी, आधा-आधा तौल लो. आधी पुढचा भाग, मंग मागचा. दोन्ही मिळवा."

"भाभी, आधा-आधा तौलेंगे तो आधा सच निकलेगा."

"मंग पूरा सच बी निकालो. हे पोते तर उतरवायचेच आहेत ना? तुमच्या लहान काट्यावर एकेक पोतं तौला. मंग रिकामी गाडी बी अर्धी-अर्धी तौला. दोन्ही हिसाब जुळले, तर रोज असंच. नाही जुळले, तर आमी चाललो."

सेठनं हमालांकडे पाहिलं. हमाल हसत होते. एक जण म्हणाला, "होऊ द्या ना सेठजी, बाईची परीक्षा!" सेठ म्हणाला, "चलो. देखते हैं."

पुढचा भाग तोलला. मग गाडी पुढं घेतली, मागचा भाग काट्यावर. मी मागंच उभी होते, आणि माझी नजर पाटाच्या मागच्या लाल दिव्यावर गेली. दिवा पेटलेला! म्हणजे यांचा पाय ब्रेकवर. घाबरून दाबून धरला होता माणसानं. अगं, भाजीवालीनं तराजूच्या पारड्याला करंगळी टेकवली तर पाव किलोचं काय होतं, ते बायकांना कोणी शिकवायला लागतं का? मी ओरडले, "पाय काढा वो ब्रेकावरून! पाय काढा!"

दिवा विझला. काट्यावरचा आकडा सरकला, आणि तो सरकताना सेठनं आपल्या डोळ्यांनी पाहिला. "अरे," म्हणाला, "ये तो बदल गया!" मग त्यानंच हुकूम दिला, पुढचा भागही पुन्हा तोला, पाय काढून. मला वाटतं तिथंच तो अर्धा आमचा झाला.

हमालांनी पोती उतरवायला घेतली. एकेक पोतं लहान काट्यावर, एकेक आकडा कागदावर. मी आणि सेठ शेजारी उभे, तोही मोजतो, मीही मोजते. ऊन उतरलं. रिकामी गाडी पुन्हा अर्धी-अर्धी तोलली. सेठनं बेरीज केली, वजाबाकी केली, पुन्हा केली, चष्मा काढून तिसऱ्यांदा केली. एका पोत्याच्या आतला फरक निघाला. एवढ्या मोठ्या गाडीत!

"इतना तो रास्ते में बोरे से झड़ जाता है," सेठ म्हणाला आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कल से लगाओ गाड़ी. बस, तौलते बखत भाभी को साथ लाना."

हमालांनी टाळ्या वाजवल्या गं! खरंच वाजवल्या. मी पदर डोक्यावरून सारखा करत राहिले, काय करावं कळेना.

येताना वाटेतल्या एसटीडी बूथवर गाडी थांबवली. उद्याची वाट कायले पाहायची? हे आत, मी काचेबाहेर. ऐकू येत होतं. "नमस्ते मालिक... नहीं, तबीयत ठीक है... नहीं, आ नहीं रहा. काम मिल गया. गाड़ी अपनी है. हाँ... अपनी." तो शब्द दोनदा म्हणाले. मालक पलीकडून काय म्हणाला माहीत नाही, पण बूथवाल्याला पैसे देऊन हे निघाले आणि बाकी घ्यायलाच विसरले. बूथवाला मागून हाका मारत आला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी माणूस घरी. पहिले आठ दिवस तर मला भाताचा अंदाजच येईना. इतकी वर्षं एका माणसाचा भात कमी टाकायची सवय, रोज कमी पडायचा. हे ताट चाटून उठायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "अवं, एक मूठ वाढव ना." तो शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, तुला काय सांगू.

आता दर हंगामात गाडी चालते. सेठनं मागं लांब काटा बसवून घेतला, म्हणाला, तुमच्यासाठीच. खोटं असेल, पण बरं वाटलं. मावसाजींचे केस पांढरे झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी सकाळी घोड्याला पाणी-तेल तेच बघतात. दिवेलागणीला ओट्यावर बसलेले असतात, चहाची वाट बघत, आणि रोज विचारतात, भाचीचा फोन आला का. ते घरी आहेत आता, रोज आहेत. त्यांना भेटायला वेळ साधावी लागत नाही. म्हणून म्हणते, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटक असतं, नव्या तांदळाच्या भाकरी असतात. पोरांना घे, नवऱ्याला घे, नाही आला तर एकटी ये. पण ये बापा, लवकर ये.