चेंडू, ग्लोव्ह आणि जयंतीभाई

हिरामणभाऊंच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, मशीन चालू केलं आणि ते थेट ट्रस्टींच्या बुटांवर ओकले. उद्घाटन तिथेच संपलं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी सुरतच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. ट्रस्टींच्या अमेरिकेतल्या मुलाने ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’चं मशीन पाठवलं होतं. हेल्मेटात डोळ्यांसमोर दोन छोटे स्क्रीन, हातात वायरींचा ग्लोव्ह. आपण हात हलवला की चित्रातला हात हलतो आणि अंगावर येणारा चेंडू अडवतो.

हिरामणभाऊ सुरतच्याच बमरोलीत कापड विणायचं लूम चालवायचे. लकव्याने उजवा हात लुळा पडला. लकव्यात हात शाबूत असतो, त्याला हुकूम देणारा मेंदूचा भाग बिघडतो. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली, तर मेंदूचा दुसरा भाग ते काम थोडंफार शिकतो. पण भाऊ व्यायामच करेनात.

“मी काय बालवाडीत आहे, ठोकळे उचलायला?”

बायकोने घास भरवलेला त्यांना सोसत नव्हता, म्हणून जेवणच सोडलं होतं. माणूस वाळत चालला होता.

ओकारीनंतर मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, “सर, हेल्मेटने गरगरतं. बंद करू या.”

“मॅडम, मशीन बंद मत करो. ट्रस्टीसाहेब को क्या बोलूं? बूट धो के दिए?”

मग मी हेल्मेट कपाटात टाकलं आणि चित्र साध्या मॉनिटरवर घेतलं. ग्लोव्ह तेवढा ठेवला. त्याच वेळेला जयंतीभाई यायचे. साड्यांचे व्यापारी, त्यांचाही उजवा हात गेलेला. ग्लोव्ह एकच, म्हणून आळीपाळीने बसवलं.

हिरामणभाऊंचा पहिला चेंडू सुटला. जयंतीभाई खूश.

“अरे भाऊ, तमारो बॉल तो गयो!”

भाऊंनी अस्सल खानदेशी शिवी हासडली. सिंधूताई, त्यांची बायको, मागून ओरडली, “तुमना हात चालत नही, तोंड मातर मस्त चालस!”

पुढचा चेंडू आला आणि भाऊंचा खांदा उचलला गेला. कोपर किंचित सरळ झालं. कौतुक केलं असतं तर त्यांनी ग्लोव्ह काढून फेकला असता.

दुसऱ्या दिवशी दोघंही वेळेआधी हजर. रोज शिव्या, रोज चेंडू. चेंडू सुटला की “वायर ढिली आहे” म्हणून दोघंही माझ्यावर खेकसायचे.

काही महिन्यांनी सिंधूताईने सांगितलं, भाऊ स्वतःच्या हाताने जेवले. निम्मी डाळ शर्टावर सांडली, पण जवळ कुणाला येऊ दिलं नाही. हे सांगताना ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. तुटलेल्या धाग्याला गाठ मारणारी बोटं मात्र परत आली नाहीत. लूम सुटलं ते सुटलंच.

ट्रस्टींना रिपोर्ट द्यायचा होता. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, “पेशंट किससे सुधरा? साफ बोलो.”

“शिव्यांनी, सर.”

ते म्हणाले, “मोटिव्हेशन लिखो.”