शवपेटीतली वर्ना

पडदा सरकला, धूर पसरला आणि हॅलोविनसाठी ओहायोत उभारलेल्या भुताच्या घराच्या खेळात वर्ना डोळे मिटून शवपेटीत पडली. कित्येक वर्षं ऑक्टोबर आला, की ती अशीच मरायची. समोर तिचा सहकलाकार लाइल साखळी काढलेली यांत्रिक करवत घेऊन प्रेक्षकांवर धावला आणि छाती धरून कोसळला. टाळ्या पडल्या.

पण करवत त्याच्या हातातून सुटली होती. ती तो कधीच सोडत नसे. वर्ना ताडकन उठली.

"दिवे लावा! हा खरंच पडलाय!"

"वा म्हातारे, झकास!" लोक आणखीच किंचाळले.

लाइलचा श्वास अडकत होता. तिने विग उपटला, तोंडावरचा रंग पुसला, गर्दीत ओळखीचा चेहरा शोधला.

"ड्वेन, मी वर्ना, शाळेत तुला जेवण वाढायचे ती! हसतोस काय गाढवा, अँब्युलन्स बोलाव!"