माझ्या जटेचा फोटो

पडद्यावर माझा फोटो आला तेव्हा माझ्या हातात अर्धा समोसा होता.

बुलढाण्यात आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. मी आरोग्यसेविका. अमडापूरच्या बाजूला एका गावात उपकेंद्रावर असते. सकाळी लसीकरणाचं सत्र झालं, चहा-समोसे वाटले, आणि त्यानंतर अंधश्रद्धा आणि आरोग्य या विषयावर बाहेरगावच्या एका सरांचं व्याख्यान. सर निवृत्त प्राध्यापक. खादीचा सदरा, गोड आवाज. आम्ही शंभरेक जण. निम्मे डुलक्या घेत होते.

फोटोत अकरा वर्षांची मुलगी. निळा फ्रॉक, खांद्यावर उसवलेला. डोक्याच्या डाव्या बाजूने कमरेपर्यंत आलेली जट. हळदीकुंकवाने माखलेली, मनगटाएवढी जाड. मुलगी खाली बघत होती. डोळ्यांवर काळी पट्टी वगैरे काही नाही. चेहरा स्वच्छ दिसत होता.

सर म्हणाले, “ओळखा पाहू, या जटेत काय काय राहत असेल?”

मागून कोणीतरी ओरडलं, “उवा!”

दुसरा म्हणाला, “उंदीर!”

सगळे हसले. ज्या सिस्टरसोबत मी रोज डबा खाते तिने हसत मला कोपर मारलं. आणि मीही हसले. हे मला आधी लिहून टाकायचं आहे. स्वतःच्या फोटोला मी हसले. शंभर माणसं हसत असली की तोंड आपोआप हसतं, त्याला विचारावं लागत नाही.

मग पुढचा फोटो. तीच मुलगी, डोकं भादरलेलं. सर म्हणाले, “आणि हा तिचा माणसात जन्म.” टाळ्या. मी समोसा कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. आत काही हललं नाही. रडू नाही, राग नाही. दात काढण्याआधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग.

आमचं गाव धाडच्या बाजूचं. आमची घरं गावाबाहेर, नाल्यापलीकडे. नऊ वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला. महिनाभर पडून होते. केसांना पाणी नाही, फणी नाही. उठले तेव्हा डाव्या कानामागे केसांचा गोळा झाला होता. आई फणी घेऊन बसली. तेवढ्यात देवीच्या देवळातली म्हातारी पुजारीण आली, बघितलं आणि हात जोडले. “हात नोको लावू. आई आली तुया घरी. कापशील तं घरातलं मानूस जाईन.” घरात माणसं तीन. आई, मी आणि लहान भाऊ. भाऊ आधीच सारखा आजारी. आईने फणी खाली ठेवली.

दर मंगळवारी पाटलांच्या घरची मोठी बाई मला बोलावून घ्यायची. अंगणात पाट मांडलेला असायचा. ती जटेवर हळदकुंकू वाहायची, पण वरून, चिमटीने, बोट लागू न देता. ओटीचे तांदूळ माझ्या फ्रॉकमध्ये वरून सोडायची. निम्मे मातीत पडायचे. मग डोकं टेकवायची, पाटापासून हातभर लांब. एकदा फाटकाबाहेर जाऊन मी मागे वळून बघितलं, तर माझ्या पाटावर पाणी शिंपडणं चाललं होतं. देवी त्यांना अंगणात चालत होती. ओसरीवर चालत नव्हती.

शाळेत मी शेवटच्या बाकावर. वास यायचा, येणारच. मान एका बाजूला ओढलेली. झोपायचं ते एकाच कुशीवर. पोरं चिडवायची नाहीत, घाबरायची. ते चिडवण्यापेक्षा वाईट.

माझा विश्वास होता का? होता. एवढ्या मोठ्या घरची बाई वाकते म्हणजे काहीतरी असेलच. वर्गातल्या एका मुलीने माझं दप्तर बाकाखाली फेकलं तेव्हा मी तिला शाप दिला. मनापासून दिला. आठ दिवस वाट बघितली. तिला काहीच झालं नाही. उलट तिला नवी सायकल आली. देव नाही हे मला तिथे, त्या सायकलीपाशी कळायला लागलं. कोणाचं व्याख्यान ऐकून नाही.

मग हेच सर आले. तेव्हा त्यांचे केस काळे होते. सोबत एक ताई आणि एक कॅमेरावाला. तीन चकरा मारल्या, आईशी बोलले. आई शेवटी हो म्हणाली. भीतीने तिचे ओठ पांढरे पडले होते तरी हो म्हणाली. तिने एकच गोष्ट मागितली. “घरात कापा जी. पोरगी मोठी होऊन राह्यली.”

सर म्हणाले, “बंद दाराआड केलं तर उपयोग काय? लोकांना दिसलं पाहिजे, ताई. धीट व्हा.”

शाळेच्या पटांगणात खुर्ची मांडली. सगळं गाव जमलं. ताईने कापायला सुरुवात केली. कात्री चालेना, मग ब्लेड. कानामागे कापलं, रक्त आलं. कॅमेरावाला म्हणाला, जरा इकडे बघ. मी बघितलं नाही. जट सुटली तेव्हा मान इतकी हलकी झाली की मला पडल्यासारखं झालं. सरांनी ती जट हातात धरून वर केली, गावाला दाखवली. कोणी हसलं, कोणी हात जोडले. आई भिंतीशी तोंडात पदर धरून उभी होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

खोटं कशाला बोलू? जट गेली हे बरंच झालं. ती राहिली असती तर मी शिकले नसते, आज इंजेक्शन देणारा हात अंगारा देत बसला असता. त्या ताईच्या कात्रीचे उपकार मी विसरले नाही. पण त्यानंतर गावातल्या बायांनी आईला शेतात निंदणाला बोलावणं बंद केलं. ती दुसऱ्या गावी पायी जायची. पावसाळ्यात भावाला ताप आला. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाऊ बरा झाला. त्या तीन दिवसांत देवळातलं कोणी आलं नाही. सरांचंही कोणी आलं नाही. जटेला सोबत खूप होती, आम्हाला नव्हती.

व्याख्यान संपलं. सर म्हणाले, “प्रश्न असतील तर विचारा.”

मी उभी राहिले. का उभी राहिले, माहीत नाही. पाय उभे राहिले.

“सर, ती मुलगी मी आहे.”

“कोण? अरे वा! या, या, वर या! टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्या झाल्या. मघाच्यापेक्षा मोठ्या. मी जागची हलले नाही.

“तो फोटो काढून टाका.”

“अगं, त्यात लाजायचं काय? तू तर आमचा विजय आहेस.”

“मी देव मानत नाही, सर. पण फोटो काढा.”

“या एका फोटोने किती मुली सुटल्या, तुला कल्पना आहे?”

“तुमच्या घरातल्या कोणाचा फोटो हाय का सर, याच्यात? मले विचारलं नव्हतं तुम्ही. माया मायलेबी नाही.”

नोकरीत कमावलेली भाषा गळून पडली होती. सर हसले. लहान पोर बोबडं बोललं की हसतात तसे. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “बघू आपण. नंतर बोलू.” लॅपटॉप मिटला. जेवण तयार आहे असं कोणीतरी माईकवरून सांगितलं.

दुपारी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. एका बाजूला पडद्यावरची मुलगी, दुसऱ्या बाजूला बोट वर करून उभी असलेली मी. कोणी जोडला, कळलं नाही. खाली लिहिलं होतं, ‘आधी आणि नंतर’. एकाने अंगठे टाकले. एकाने लिहिलं, विज्ञानाचा विजय असो. त्यावर दुसऱ्याने लिहिलं, हिंमत असेल तर दुसऱ्या धर्माबद्दल बोला. मग जुंपली. हे त्यांना भोंदूंचे चमचे म्हणाले, ते यांना धर्मबुडवे म्हणाले. दोन्हीकडे माझ्या रोजच्या ओळखीची माणसं. औषधाच्या पेट्या सोबत उचलणारी. संध्याकाळपर्यंत माझ्या फोटोखाली भांडली. ताई, जेवलात का, एवढंही मला कोणी विचारलं नाही.

रविवारी तिघं घरी आले. एक आमच्या तालुका कार्यालयातले क्लार्क, दुसरे त्यांचे मित्र, आणि तिसरा माझ्या गावचा. पाटलांचा नातू. आता चिखलीला दुकान आहे त्याचं. क्लार्कच्या हातात टाईप केलेला अर्ज.

“ताई, फक्त सही करा. त्या नास्तिकाले आता सोडत नाही आपण.”

मी वाचला. देवीची विटंबना होती. समाजाच्या भावना दुखावल्या होत्या. श्रद्धेचा अपमान तीनदा होता. मुलगी हा शब्द एकदाही नव्हता.

“याच्यात मी कुठं हाय?”

“खाली. सहीच्या जागी.”

पाटलांचा नातू म्हणाला, “आमच्या आजीनं तुमची ओटी भरली व्हती लहानपणी. मले आठवते.”

“हो,” मी म्हटलं. “वरून भरली व्हती.”

त्याला समजलं नाही. तो मान हलवत राहिला.

आई चहा घेऊन आली. ती माझ्याजवळच राहते. फळीवर तिची देवी आहे, तिथे ती रोज दिवा लावते. मी लावत नाही, हात जोडत नाही. बाजारातून तिला नारळ मात्र आणून देते, आणि तो पाणी असलेलाच निघाला पाहिजे म्हणून कानाशी हलवून घेते. आमच्या दोघींत देवावरून भांडण झालंच नाही असं नाही. झालं, खूप झालं. एकदा मी तिला अडाणी म्हटलं आणि तिने मला दगड म्हटलं. पण तिच्या रक्तदाबाची गोळी मी चुकू देत नाही, आणि मी दौऱ्यावरून येईपर्यंत ती जेवत नाही. माझा फोटो दाखवून तिला कोणी देवी पटवली नाही, आणि तिचा फोटो दाखवून मी कोणाला काही पटवणार नाही.

आईने कागद बघितला. तिला वाचता येत नाही. “काय हाय हे?”

क्लार्क म्हणाले, “मावशी, देवीसाठी करून राह्यलो आपण.”

आई म्हणाली, “देवी मायी हाय, पोरगीबी मायी हाय. तुमी काऊन कागद घेऊन आले?”

मी अर्ज परत दिला. क्लार्कचा आवाज बदलला. “म्हंजे तुमी त्याइच्याकडून हा का?”

“नाही.”

“मंग कोनाकडून?”

त्यांच्या प्रश्नात दोनच खुर्च्या होत्या, आणि दोन्हींवर मला बसवून फोटो काढून झाले होते. दोघांनी चहा घेतला. पाटलांच्या नातवाने उपास आहे म्हणून सांगितलं. उपासाला चहा चालतो हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. कप तसाच राहिला. आईने तो मोरीत ओतला.

सोमवारी सरांना फोन केला. नंबर प्रशिक्षणाच्या पत्रकावर होता. ते रागावले नाहीत, वाईट याचंच वाटतं. समजावत राहिले. म्हणाले, “तू फार व्यक्तिगत घेते आहेस. हा प्रश्न समाजाचा आहे.” म्हणाले, फोटो पुस्तिकेतही छापला आहे, आणखी कार्यकर्त्यांकडेही आहे, आता कुठून कुठून काढणार? आणि शेवटी म्हणाले, “तुझ्यासारख्या मुलीनं तरी असं बोलू नये.”

तुझ्यासारख्या. हा शब्द मी दोन्हीकडून ऐकला आहे. फोन ठेवला आणि तेव्हा कुठे राग आला. इतक्या दिवसांनी. गरम नव्हता, थंड होता, आणि कामाचा होता.

सरांचं पुढचं व्याख्यान शनिवारी खामगावात आहे. मी रजेचा अर्ज दिला. कारण विचारतात तिथे ‘वैयक्तिक’ लिहिलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मंजूर केला.

मी पहिल्या रांगेत बसणार आहे. फोटो आला की उठणार आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहणार. फोटो माझ्या अंगावर पडेल, पडू दे. मागच्या लोकांना दिसणार नाही. क्लार्क आणि त्यांची माणसं तिथे घोषणा द्यायला आली तर त्यांनाही सांगणार आहे, गप बसा, हा तुमचाही नाही. मी देव मानत नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगेन, मला वाटेल तेव्हा. पुस्तिकेतला फोटो, कार्यकर्त्यांकडचा फोटो, जिथे असेल तिथे मी जाईन. रजा संपल्या तर बिनपगारी जाईन.

सर म्हणतील, बाजूला हो. मी होणार नाही. मला तिथून हलवायचं असेल तर कोणालातरी मला हात लावावा लागेल. आणि हात लावायच्या आधी, या खेपेला, मला विचारावं लागेल.