पुढचे पाटे

अख्ख्या जालना जिल्ह्यात कुणी आईवडिलांचे पाय जितक्या मायेनं चेपले नसतील, तितक्या मायेनं माझ्या साडूंनी एका जुन्या गाडीच्या पुढच्या पाट्यांना ग्रीस लावलं, असं मी शपथेवर सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे मिस्टर. घनसावंगीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि अंबडला घर बांधून राहिले. निवृत्तीनंतर माणसं अंगणात गुलाब लावतात, यांनी कुठला तरी बंद पडलेला फिरता दवाखाना आणून उभा केला. गाडी चाळीस वर्षांची, लांब नाकाची. आत रोग्याची खाट, हात धुवायचं बेसिन आणि औषधांची कपाटं. साडूंनी औषधांच्या जागी डाळतांदूळ ठेवले, शेगडी बसवली, ताईंच्या जुन्या साड्यांचे पडदे शिवले आणि दवाखान्याचं घर केलं. एवढं सगळं महिनाभरात झालं. त्यानंतरची दोन वर्षं ते फक्त गाडीच्या पुढच्या भागाखाली होते.

पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक बांधलेल्या पोलादी कमानी. रस्त्याचा हादरा त्या गिळतात आणि आतल्या माणसापर्यंत पोचू देत नाहीत. दर रविवारी साडू ते पाटे उघडायचे, पट्ट्या घासायचे, बोल्ट डिझेलमध्ये धुऊन पेपरावर पापडासारखे वाळत घालायचे आणि परत बसवताना हजेरी घ्यावी तसे मोजायचे. फोन केला की "जय भीम, साडूभाऊ" झाल्यावर दुसरं वाक्य डाव्या पाट्याच्या रबरी बुशाविषयी असायचं. परक्यांच्या गाड्याही त्यांच्या नजरेतून सुटत नसत. एका लग्नात नवरदेवाच्या गाडीखाली वाकून बघितल्यावर ते नवरीच्या बापाला बाजूला घेऊन अतिशय गंभीरपणे म्हणाले, "माणसं चांगली दिसून राह्यली, पण शॉकप गेलेत." बिचारा बाप दिवसभर त्या वाक्याचा अर्थ लावत फिरत होता.

मी अंबडला गेलो की मला त्या खाटेवर आडवं व्हावं लागे. साडू गाडी गावाबाहेर काढत आणि पुढून ओरडत, "डोळे मिटा. कमरेत कुठं लागलं तर सांगा!" एकदा मी म्हणालो, "अहो, मी ऐंशी किलोचा. माझ्यावरून ताईंच्या कमरेचा अंदाज कसा येणार?" त्यावर ते म्हणाले, "तीस किलो मनातून वजा करा ना." मीही मुकाट्यानं वजा करत पडून राही.

या सगळ्यामागं एक साधी गोष्ट होती. ताईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी गाडीतले धक्के बिलकुल बंद सांगितले होते. सासूबाई भोकरदन तालुक्यात धावड्याला, मुलाकडे. वय नव्वदीच्या घरात, गुडघे कामातून गेलेले, लांबचा प्रवास झेपत नसे. तीन वर्षं मायलेकींची गाठ नव्हती. फोनवर बोलत, पण सासूबाईंना ऐकू कमी यायचं. ताई इकडून ओरडत, त्या तिकडून, आणि दोघींना एकमेकींचं निम्मंच कळे. शेवटी सासूबाई म्हणत, "एकदा पाह्यलं असतं तुला," आणि फोन ठेवत.

गाडी तयार होती, तरी साडू निघत नव्हते. "उजवीकडून बारीक आवाज येऊन राह्यला," असं दोन वर्षं चाललं. शेवटी एका रविवारी माझा तोल गेला. सासूबाईंना आम्ही दोघंही मामी म्हणायचो. मी म्हणालो, "तुम्ही आवाजच ऐकत बसा. मामी काही तुमच्या पाट्यांसाठी थांबणार नाहीत."

ते गाडीखालून बाहेर आले. बराच वेळ फडक्याला हात पुसत बसले आणि आत ताईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तिला मोटारसायकलवर मीच नेल्तं, साडूभाऊ. पुढचं शॉकप गेल्तं. मला ठाऊक व्हतं. उद्या करू म्हणल्तो. मंग त्याच दिवशी खड्ड्यात आदळलो." एवढं बोलून ते परत गाडीखाली गेले. मी नुसता पाना हातात देत राहिलो.

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. साडूंनी आधी मोटारसायकलवर जाऊन सगळा रस्ता बघून ठेवला होता, खड्डे वहीत लिहिले होते. ताई खाटेवर, मी त्यांच्या पायथ्याशी. बैलगाडीनंही मागं टाकावं अशा वेगानं जालना गेलं, दुपारपर्यंत भोकरदन गेलं. ताईंनी एकदाही कण्हलं नाही. पण धावडा चार किलोमीटरवर आलं आणि समोरचा रस्ता खोदलेला दिसला. आठवड्यापूर्वी नव्हतं ते काम आता निघालं होतं. साडू गाडी कडेला घेत असताना पुढचं चाक खणलेल्या कडेवरून खाली उतरलं आणि कडकन आवाज झाला. डाव्या बाजूचा मोठा पाटा मोडला होता.

ताईंना काही लागलं नव्हतं. पण पुढची सगळी वाट नुसती खडी होती. मी म्हणालो, जीप मागवू. साडू संतापले. "जीप? तिचे पाटे पाह्यले का कधी?" ताईंनी गाडीच्या भिंतीकडं तोंड केलं. मी मेहुण्याला फोन लावला आणि अडचण सांगितली. त्यानं ती सासूबाईंच्या कानात ओरडून सांगितली, तसा पाठीमागून त्यांचा आवाज आला, "तिला येता येत न्हाई तं मला न्या की मंग!"

तासाभरात मेहुणा त्यांना शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये, गादीवर बसवून घेऊन आला. आम्ही दोघांनी उचलून त्यांना आत नेलं. जागा एकाच खाटेची. सासूबाई लेकीजवळ आडव्या झाल्या, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती वाळली गं." आता फोन मध्ये नव्हता. कानाला तोंड लावून बोलता येत होतं.

साडूंनी चासीखाली जाड ठोकळे लावले, खाटेखालून जादा पाटा काढला आणि वरती ओरडले, "मामी, हलू नका!" ताईंनी ते कानात सांगितलं, तसं वरून उत्तर आलं, "मी कशाला हलते? तुमीच खाली धडपड करून राह्यले." दोघी हसल्या. मग दोघींच्या रडण्याचा आवाज आला, मग पुन्हा हसण्याचा. आम्ही दोघं धुळीत पडून पाटा चढवत होतो.

गाडीचे दिवे अधू होते. अंधाराआधी भोकरदनला परत पोचायला हवं होतं. म्हणजे काम संपलं की भेट संपली. चारच्या सुमाराला मी पाहिलं, तर सगळे नट आवळून झाले होते. तरी साडू पाना एकाच नटावर पुढेमागे करत होते.

"झालं ना?" मी विचारलं.

"कव्हाच झालं," ते कुजबुजले. "बोलू नका."

आम्ही तसेच पडून राहिलो. मध्येच ते पान्यानं लोखंडावर ठोकत, वरती कळावं म्हणून. ऊन कलल्यावर मग बाहेर आले.

सासूबाई त्या हिवाळ्यात गेल्या. मातीला ताईंना जाता आलं नाही, तो रस्ता अजून तसाच होता. आठव्या दिवशी साडूंचा फोन आला. जय भीम झालं, पण दुसरं वाक्य बुशाविषयी नव्हतं.

"त्या दिवशी मी गाडीखालून अर्धा तास आधीच उठलो, साडूभाऊ," ते म्हणाले. "माझी कंबर धरल्ती म्हणून. उजेड व्हता अजून. उठायला नको व्हतं."